तगरीच्या पाकळ्या आणि जपानची नर्मदा

माझ्या दुकानाच्या दारात एक काळी पाटी टांगलेली असायची. एका बाजूला ‘बरे’, दुसऱ्या बाजूला ‘वाईट’, मध्ये खडूची उभी रेघ. नवी सीडी आली की आधी मी बघायची, मग पाटीवर लिहायचं, मग गिऱ्हाइकानं न्यायची. शिरोड्याच्या बाजारात सीडी भाड्यानं देणारी आणखी दोन दुकानं होती आणि नवे सिनेमे त्यांच्याकडे माझ्या आधी यायचे. पण पाटी फक्त माझ्याकडे. माझं शिक्षण सातवी. पुढचं मराठी मी व्हिडिओ कॅसेटच्या खोक्यांच्या पाठी वाचून शिकले, त्यामुळे पहिली काही वर्षं मी प्रत्येक सिनेमाला ‘थरारक’ म्हणत होते, देवादिकांच्या सिनेमालासुद्धा. हळूहळू हात बसला. ‘बरे : नायिका पोटभर जेवताना दाखवली आहे. वाईट : नायक मध्यंतरानंतरही जिवंत.’ असं लिहायला लागले तशी माणसं पाटी वाचायला थांबू लागली. वाचून सीडी न नेताच जायची, ती गोष्ट वेगळी.

२००९ सालचा शिमगा नुकताच झाला होता, तेव्हा सुदेश एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. सुदेश बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. शाळेत माझ्या दोन इयत्ता पुढे होता. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझं लग्नच झालं नव्हतं. आधी बापूस आजारी, मग आवस, आणि त्यानंतर निव्वळ सवय.

“निकेतान धाडल्यान गोंयातसून,” तो म्हणाला. निकेत त्याचा भाचा. “जपानचा कार्टून आसा.”

“कार्टून? माका? माजा वय काय, बघलंस?”

“मोठ्या माणसांचा आसा म्हणता. तू बघ आनी पाटयेर लिव. तू लिवलंस काय मगे मी ठरवतलंय, बघूचा काय नाय ता.”

पिशवीत आठ सीड्या होत्या. त्यांच्यावर पेनानं ‘जपान १’ ते ‘जपान ८’ लिहिलेलं. भाषा जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. म्हणजे माझ्या दृष्टीनं दोन्ही जपानीच. पण चित्र कुणालाही कळतं. समुद्राकाठचं एक गाव, माडांच्या जागी सुरूसारखी झाडं, जत्रेची तयारी चाललेली. एक मुलगी सकाळी उठते. कौलावर कावळा ओरडतो. आई भात वाढते. मुलगी मैत्रिणीला घेऊन देवळात जाते. तीन दिवसांची जत्रा, आणि तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मैत्रीण नाहीशी. नुसती तिची चप्पल पुळणीवर. मुलगी रडत रडत देवळात धावते आणि तिथं सीडी संपते. मी डोळे पुसले, चहा ठेवला आणि दुसरी सीडी लावली.

मुलगी सकाळी उठते. कौलावर कावळा ओरडतो. आई भात वाढते.

मी सीडी काढून उलटीपालटी करून बघितली. नंबर दोनच होता. तीन लावली. कावळा. भात. चार, पाच, सहा, सगळीकडे तो कावळा आणि तो भात. प्रत्येकीची पहिली दहा मिनिटं बघण्याइतका न्याय मी केला. धंद्यात इतकी वर्षं काढलेली बाई मी. एकच सीडी पुन्हा पुन्हा उतरवून सहा म्हणून खपवणारे लोक मला नवे नव्हते. सात-आठ लावायचे कष्टही मी घेतले नाहीत. पाटीवर लिहिलं : ‘जपानी कार्टून. बरे : पहिली सीडी. वाईट : बाकीच्या पहिलीच आहेत.’

माझ्या दुकानाच्या मागे शमीमचं खळं आहे. तिचा नवरा जमाल मासळीचा व्यापार करतो आणि सुकवायचं सगळं शमीम बघते. बांगडे, मोरी, सुंगटं चटयांवर पसरलेली असतात आणि कावळ्यांशी तिचं दिवसभर भांडण चाललेलं असतं. कावळ्यांना चकाकणाऱ्या सीडीचं भय वाटतं, म्हणून माझ्या खराब सीड्या नेहमी तिच्याकडे जायच्या. दोन ते सहा नंबर मी तिला दिल्या. तिनं त्या सुतळीला ओवून बांगड्यांवर टांगल्या.

दोन दिवसांनी सुदेश आला आणि पाटीसमोर उभा राहून वाचत राहिला.

“तुज्या भाच्यान तुका फसवल्यान,” मी म्हटलं. “एकच सीडी सा वेळा.”

तो तसाच मागे फिरला. दुपारी परत आला, तो हसू दाबत. “निकेताक फोन केलंय. अगो, ती गोष्टच तशी आसा! तेच तीन दिवस परत परत येतत. त्या चेडवाक एक देवचार भेटलोसा. देवळातली घंटा वाजवली काय जत्रेची पयली सकाळ परत येता. दर वेळाक ती मैत्रिणीक वाचवूक बघता.”

“मगे ह्या आधी सांगूक काय झाला तुका?”

“माका खंय ठावक होता? म्हणानच तुज्याकडे दिलंय ना!” तो म्हणाला. “बरा, सीड्यो खंय आसत?”

मी खळ्याकडे बघितलं. त्यानंही बघितलं. वाऱ्यावर पाच सीड्या गरगर फिरत होत्या आणि खाली बांगडे निर्धास्त पडले होते.

शमीमनं त्या द्यायला आधी नकारच दिला. “देवन परत घेतंस? कावळे काय तुजे सोयरे आसत, बांगडे सोडूक?” शेवटी मी तिला तितक्याच सिनेमाच्या सीड्या बदली दिल्या आणि एक अट मान्य केली : तिला आणि तिची मुलगी अरिबा हिला पूर्ण गोष्ट दाखवायची. अरिबा कॉलेजात होती आणि तिला इंग्रजी यायचं, म्हणजे अट माझ्याच फायद्याची होती. पण मी उपकार केल्यासारखा चेहरा ठेवला. अरिबानं सीड्या साबणानं धुतल्या. चार नंबरची काही केल्या चालेना. खाऱ्या वाऱ्यानं तिची पाठ सोलवटून काढली होती.

मग दुपारी दुकान बंद करून आम्ही बघायला बसू लागलो. वीज असेल तोवर. मी, शमीम, अरिबा आणि दाराच्या पायरीवर सुदेश. “आज इंजिनाचा काम नाय,” असं तो रोज म्हणायचा. त्या दिवसांत शिरोड्यातली सगळी इंजिनं एकदम सुधारली होती.

अरिबा खालची अक्षरं वाचून आम्हाला मालवणीत सांगायची. जपानी नावं कुणाच्याच तोंडात बसेनात, म्हणून पहिल्याच दिवशी शमीमनं बारसं उरकलं. नायिका झाली नर्मदा, नाहीशी होणारी मैत्रीण मथुरा आणि देवळातला संशयी पुजारी महादू.

“नर्मदा म्हणता, ह्या फेरेक मी महादूवर नजर ठेवतलंय,” अरिबा सांगायची.

“ठेव गो बाय, ठेव,” शमीम पडद्याला सांगायची. “तेचे डोळे बरे नाय.”

आता बारकाईनं बघायला लागल्यावर मला त्या कार्टूनची खुबी कळली, आणि माझ्या पाटीची लाज वाटली. तो कावळा दर वेळी तोच नव्हता. दुसऱ्या फेरीत तो कौलाच्या डाव्या टोकाला बसतो. तिसऱ्या फेरीत आई भात वाढताना क्षणभर थांबते, जणू तिलाही कुठंतरी काहीतरी आठवतंय. मथुरा दर वेळी नर्मदेला काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि दर वेळी मध्येच कुणी हाक मारतं, फटाका वाजतो, नाहीतर नर्मदाच म्हणते, ‘नंतर सांग.’ एवढी नाजूक कारागिरी मी बांगड्यांवर टांगली होती. मी पाटी पुसली आणि लिहिलं : ‘बरे : तेच तेच वाटते, पण तेच नाही. पहिले मत रद्द. मत देणारीने पूर्ण बघितले नव्हते.’

‘वाईट’च्या बाजूलाही पुष्कळ होतं, उगाच नाही. सगळ्यांचे डोळे बशीएवढे. वाजंत्री इतकी की प्रेतालाही झोप लागू नये. नर्मदा दर फेरीला नवीन माणसावर संशय घेते; महादूवर, मिठाईवाल्यावर, शाळेच्या बाईंवर; आणि आदल्या फेरीत ज्याला विनाकारण दगड मारलेला असतो, त्याला पुढच्या फेरीत हसून नमस्कार करते. त्याला आठवत नाही, हे खरं, पण हिला तर आठवतं! आणि मुख्य म्हणजे ती कुणाला काही सांगत नाही. एवढं मोठं संकट आणि एकटीच धावते.

“तिना आवशीक तरी सांगूक होया,” मी एकदा म्हटलं.

“तू सांगतंस कोणाक काय?” सुदेश पायरीवरून म्हणाला. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

पाचवी सीडी अर्ध्यावर असताना वीज गेली. शमीम आणि अरिबा चटयांवरची सुंगटं परतायला गेल्या. सुदेश उठला नाही.

“पद्मा,” तो म्हणाला, “दोडामार्गाक एकान गॅरेज काढल्यान. माका बोलावता. अक्षयतृतीयेक कामाक लागूचा म्हणता.”

“मगे?”

“हंय काम कमी झाला. पन मी रवान शकतंय. रवाचा काय जावचा, ता तुज्यार आसा.”

“माज्यार? मी काय बंदराची मालकीण?”

त्यानं पायरीवरचा एक खडा उचलून दुसरीकडे ठेवला. “आपण लगीन करूया काय?”

इतक्या वर्षांत इतके सिनेमे बघितले. या वाक्याला कुठल्या कुठल्या बायकांनी काय काय उत्तरं दिली, ती मला सगळी पाठ. वारा येतो, पदर उडतो. मी मात्र बंद पडलेल्या टीव्हीकडे बघत म्हटलं, “देवाक विचारतंय.”

आमच्याकडे हे उत्तर कुणालाही चालतं. विहीर खणायची, होडी घ्यायची, मुलगी द्यायची, आधी सोमवारी देवाला कौल लावायचा. गुरव देवाच्या पाषाणावर पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. फुलं ज्यानं त्यानं आपली आणायची. सुदेशनं मान हलवली. “विचार,” म्हणाला. त्याला वाटलं, एक सोमवार.

मी सोमवारी देवळात गेले, दुकान उघडून, चार गिऱ्हाइकं करून, म्हणजे माध्यान्हीच्या पूजेला थोडा वेळ राहिला असताना. ओच्यात घरामागच्या परड्यातली तगरीची फुलं. आबा गुरवांनी माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. मी काही सांगितलंही नाही. त्यांनी पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा महाराजा! ह्या चेडवाच्या मनात जा काय आसा...”

“व्हय महाराजा!” मी म्हटलं. गाऱ्हाण्याला ‘व्हय’ म्हणायला एरवी माणसं असतात. त्या वेळी देवळात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून माझ्याच गाऱ्हाण्याला मीच व्हय म्हणत होते. शिवाय सेहेचाळिसाव्या वर्षी मला चेडू, म्हणजे पोरगी, म्हटलेलं, त्यालाही व्हय.

“...ता करूचा काय नाय, सांग महाराजा! बंदरावरचो तो माणूस बरो आसा काय नाय, सांग महाराजा!”

“आबानू! मी तुमका कोणाचा नाव सांगूक नाय!”

“माका नाय सांगलंस तरी देवाक ठावक नको?” आबा म्हणाले. “व्हय म्हण.”

“व्हय महाराजा.”

आम्ही बघत बसलो. पाकळ्या पाषाणाला अशा बसल्या होत्या जणू तिथंच उगवल्या. माध्यान्हीची वेळ झाली आणि आबांनी कौल उतरवला. “देव बोलूक नाय. पुढच्या सोमवारी ये.”

पुढच्या सोमवारी देव बोलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी बाहेर येऊन सुदेशला सांगायची, “अजून जबाब नाय,” आणि तो म्हणायचा, “बरा.” आणि दुपारी पायरीवर येऊन बसायचा (मागच्या सीड्या आम्ही पुन्हा लावून बघत होतो), आणि मला त्या ‘अजून नाय’नं जे सुख व्हायचं ते काय सांगू. मागणी घातलेली बाई म्हणून बाजारातून चालणं ही एक चैन असते. होय म्हटलं तर ती संपली, नाही म्हटलं तरी संपली.

आता फुलांचं. तगरीची पाकळी बारीक, हलकी. ओल्या दगडाला बसली की सुकल्याशिवाय सुटत नाही. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ज्याला उत्तर घाईचं असतं तो चाफा नेतो. मी तगरच नेत होते, आणि तीही निवडून. एखादी पाकळी जाड वाटली तर मी ती परड्यातच टाकून जायची. का, असं मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की देवाला पांढरं फूल आवडतं.

विचारलं नाही कुणी, पण आबांची जेवायची वेळ टळत होती. पूजेआधी माझा कौल, त्यात गाऱ्हाणं, मग पाकळ्यांकडे टक लावून बसणं. चौथ्या का पाचव्या सोमवारी ते चहाच्या टपरीवर भर बाजारात म्हणाले, “पद्मावतीचो कौल काय जन्मात पडाचो नाय. ती फुलां काय हाडता, बघलास? तगर! पाकळी न्हय, गोंद लायलेलो कागद!”

टपरीवर सुदेश बसलेला होता.

त्या दुपारी पायरी रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशीही. शमीम दाराकडे बघून म्हणाली, “इंजिनां परत बिघडली वाटता.” मी अरिबाला म्हटलं, लाव.

सातवी आणि आठवी सीडी आम्ही तिघींनी बघितली, आणि शेवटी ते रहस्य फुटलं. खून नव्हताच. मथुरेला कुणी पळवलं नव्हतं, मारलं नव्हतं. ती आपल्या पायांनी होडीत बसून दुसऱ्या गावी निघाली होती, कामाला. तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला निघायचं, हे तिचं आधीपासून ठरलेलं. तेच ती नर्मदेला सांगायला दर वेळी तोंड उघडत होती. आणि नर्मदेला हे दुसऱ्याच फेरीत कळलं होतं! होडी जाताना तिनं डोळ्यांनी बघितली होती. तरी ती घंटा वाजवत राहिली. तो राखणदार देवचार तिला विचारतो, का? ती म्हणते (अरिबानं वाचून दाखवलं), “हे तीन दिवस माका तोंडपाठ आसत. चौथो दिवस माका ठावक नाय.”

मी संतापले. सात सीड्या खून, खून करून शेवटी खूनच नाही! देवचार शेवटी हात फिरवतो आणि घंटा मुकी होते, हा तर निव्वळ पळपुटेपणा. बयेनं स्वतः घंटा सोडायला हवी होती, देवचाराच्या खांद्यावर बंदूक कशाला? मी तशीच उठले, पाटी पुसली आणि ‘वाईट’ची बाजू भरून टाकली. ‘नायिका मूर्ख आहे. मैत्रीण बोलायला बघते तर ऐकत नाही. स्वतःच घंटा वाजवते आणि दैवाला दोष देते. इतरांचे दिवस फुकट घालवते.’ जागा संपली म्हणून मधली रेघ पुसून ‘बरे’च्या बाजूला शिरले.

शमीम पाठीमागे येऊन उभी राहिली. तिनं पाटी वाचली. एकदा वाचून पुन्हा वरपासून वाचली.

“ह्या सगळा नर्मदेवर लिवलंस?” तिनं विचारलं.

“मगे कोणावर?”

“नाय, इचारलंय.” ती सुंगटं परतायला निघून गेली. जाता जाता अरिबाला म्हणाली, “चल गो, मावशेक जरा एकटी रवानदे.”

मी पाटीसमोर उभी होते. स्वतःच्या अक्षराचा मला मोठा अभिमान, गोल, ठसठशीत, लांबून वाचता येतं. त्या दिवशी ते इतकं लांबून वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं.

सोमवार उजाडला. अक्षयतृतीयेचा दिवस तोच. मी लवकर निघाले, दुकान न उघडता, फुलं न घेता. म्हटलं आज आबांना सांगेन, तुमचीच लावा. आबांनी मला सांगायलाही लावलं नाही. त्यांच्या ताटलीत चाफा तयार होता, जाडजूड, पाकळ्या अंगठ्याएवढ्या.

“आज मीच हाडलंय,” ते म्हणाले. “आज सण. घरात पुरणपोळये केलेत. माका येळेर जेवचा आसा.”

त्यांनी पाषाणावर पाणी मारलं. एक पाकळी उचलली, उजव्या बाजूला नेली. मी एक पाऊल पुढे टाकलं. ही पाकळी पडणार होती. आत्ताच. आणि समजा डावी पडली?

“आबानू, थांबा!”

“आता काय?”

“लावू नकात.”

“गो, देवाच्या म्होरं उभी रवान खेळ करतंस?”

“खेळ न्हय. डावो कौल इलो तर?”

“तर नाय म्हणान समजूचा. घराक जावचा.”

“मी घराक जावचंय नाय,” मी म्हटलं. “मी बंदरावर जातलंय. देव नाय म्हणालो तरी जातलंय. मगे देवाचो शब्द गावात कोण मानतलो? माज्यासाटी तेका कित्याक तोंडघशी पाडायचा?”

आबा पाकळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. माझी आई असती तर तिनं याला उद्धटपणा म्हटलं असतं. मला मात्र, खरं सांगते, त्या क्षणी देवाची काळजी वाटत होती. बिचारा इतके सोमवार माझ्या तगरीखाली गप्प राहिला, त्यानं माझी अब्रू सांभाळली. आता मी त्याची सांभाळायला नको?

“मगे गाऱ्हाणां काय घालू?” आबांनी विचारलं. “कायतरी घालूक होया. इतक्या येळा देवाक उठवलंस.”

“सांगा, ती जाता म्हणान. विचारू नकात. नुसता सांगा.”

आबांनी चाफा देवाच्या पायाशी ठेवला आणि हात जोडले. “बा देवा महाराजा! ह्या चेडू बंदरावर जाता महाराजा! तेचा काय चुकला माकला, तर पदरात घी महाराजा! आनी तो माणूस अजून थंय आसलो तर गावानदे महाराजा!”

“व्हय महाराजा!” मी पायऱ्या उतरता उतरता म्हटलं. उन्हासाठी नेलेली छत्री देवळातच राहिली.

बंदरावर ऊन नुसतं भाजत होतं. होड्या वर ओढलेल्या, त्यांच्या सावलीत बायका जाळ्यातला कचरा निवडत बसलेल्या. सुदेश होता. पाण्यानं भरलेल्या पिंपावर एक इंजिन अडकवून तपासत होता. बाजूला त्याची अवजारांची पेटी बांधून तयार होती आणि तिच्यावर कपड्यांची पिशवी. दुपारच्या एसटीनं दोडामार्ग.

त्यानं मान वर केली नाही. “जबाब मिळालो देवाचो?”

“देवाक विचारूक नाय.”

“बरा केलंस. तेका तरी सुट्टी.” त्यानं इंजिनाची दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

“सुदेश, माका उशीर झालो.”

“माका ठावक आसा. सगळ्या बाजाराक ठावक आसा. टपरीवर माका चाय देताना पोरगो इचारता, तगर घालू काय.” त्यानं पुन्हा दोरी ओढली. या वेळी इंजिन लागलं आणि पिंपातलं पाणी उसळून बाहेर यायला लागलं. बायकांनी माना वळवल्या.

मी जवळ गेले. साडीवर काळं पाणी उडत होतं. “मी तुज्यावांगडा लगीन करतंय!” मी म्हटलं.

त्यानं कानाला हात लावला. “काय?”

“लगीन! करतंय म्हणतंय! तुज्यावांगडा!”

“काय?”

आता हा माणूस असा की होडी अजून दिसतही नसते आणि हा किनाऱ्यावर उभा राहून सांगतो, ही अमक्याची, हिचा एक पिस्टन घासतोय. त्याला ऐकू आलं नव्हतं होय! पहिल्याच वेळी आलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. पण माझ्या सोमवारांचा हिशेब तो इथं भर उन्हात, अख्ख्या बंदरासमोर वसूल करत होता, आणि मला वाटलं, करू दे. माझी तक्रार नव्हती.

“मी तुज्यावांगडा लगीन करतंय!”

“काय म्हणतंस?”

“अरे मेल्या, करता म्हणता ती!” जाळ्याजवळून एक बाई ओरडली. “आमका हंयसून आयकाक येता!”

“तू गप रव गो,” दुसरी म्हणाली. “तेका तिच्याकडसून आयकाचा आसा.”

मी पदर खोचला. छाती भरून श्वास घेतला. इंजिनाच्या वर आवाज चढवून, सुरमईच्या लिलावात चढवतात तसा, मी ओरडले, “मी तुज्यावांगडा—”

आणि नेमकं त्या क्षणी त्यानं इंजिन बंद केलं.

“—लगीन करतंय!” हे माझं वाक्य उघड्यानागड्या शांततेत बंदरभर गेलं. होडीच्या सावलीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. बायकांचे हात थांबले, मग एकदम सगळ्याच हसायला लागल्या.

सुदेशनं फडक्याला हात पुसले, एकेक बोट नीट. मग पेटीवरची कपड्यांची पिशवी उचलून खाली वाळूत ठेवली आणि पेटीवर मला बसायला जागा केली.

“इतक्या मोठ्यान कित्याक बोलतंस गो?” तो म्हणाला. “मी हंयच आसंय.”